धुऊन नेलं की बरा होणारा कॉम्प्रेसर

मित्रांनो, मी एका जुन्या निळ्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर. बॉनेटखाली, इंजिनाला खेटून माझं बिऱ्हाड. गाडीत गार हवा आली की कौतुक बटणाचं होतं. ते मनाला लावून घेणं मी केव्हाच सोडलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. माझ्या तोंडावर एक चकती आहे. बटण दाबलं की आतलं चुंबक तिला ओढून घेतं, 'टक्' असा आवाज होतो आणि मी फिरू लागतो. माझे मालक, म्हणजे काका, तो आवाज ऐकून काकूंना म्हणायचे, "ऐकलंस? लागला कामाला." माझ्या लोखंडी अंगावरही मूठभर मांस चढायचं.

पुढे चकती झिजली. तिच्यात आणि चुंबकात फट वाढली. गार असेपर्यंत चुंबक तिला कसंबसं ओढायचं, पण तापलं की त्याचा जोर संपायचा. नेमके तेव्हाच काकूंचे उपचार सुरू झाले. सकाळी इस्पितळात जायचं, भर दुपारी गळून परत यायचं. जाताना मी नीट चालायचो आणि येताना रहदारीत दगा द्यायचो. एकदा काकूंना मागच्या सीटवर घेरी आली. सावरल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी आता नाही जायची. हा परतीचा रस्ताच मला संपवेल." मला फार अपराधी वाटलं.

काकांनी गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे धाव घेतली. पण काकांची एक खोड होती. गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची तर आधी आंघोळ घालूनच. बॉनेटवर बादल्या ओतायच्या, जाळीतून पाइपाचा फवारा मारायचा. मी गारठायचो आणि मिस्त्रींनी बटण दाबताच टक्. मिस्त्री म्हणायचे, "काका, याला काही झालेलं नाही. काकूंनाच जास्त उकडत असेल." काका पुन्हा गेले, पुन्हा गाडी धुऊनच गेले. शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाले, "मग कॉम्प्रेसरच बदलून टाकू." त्यांच्या दाराजवळचा भंगाराचा ढीग मला तिथूनच दिसत होता.

डॉक्टरांनी फार समजावलं म्हणून काकू "आजच्यापुरतं" म्हणत निघाल्या. परतताना मी पुन्हा बंद पडलो. काकूंचा चेहरा पांढराफटक झाला. काका म्हणाले, "आधी घरी जाऊ. गाडी धुतो आणि लगेच मिस्त्रींकडे नेतो."

"धुणं राहू द्या," काकू म्हणाल्या. "मी कशी घामानं निथळतेय ते बघा. तशीच गाडीही दाखवा त्यांना."

मिस्त्रींनी काकूंना पंख्याखाली बसवलं आणि बॉनेट उघडलं. पट्ट्यावरची पुली फिरत होती, पण माझी चकती जागची हलत नव्हती. त्यांनी लाकडी दांड्यानं तिला हलकेच ढोसलं. टक्. मिस्त्रींनी कोरडं, तापलेलं बॉनेट चाचपलं आणि ते काकांकडे वळले.

"काका, तुम्ही दुखणं धुऊन आणत होता. आणि बॉनेटवरून पाणी ठिबकतंय हे दिसत असूनही मी विचारलं नाही. माझंही चुकलंच."

त्यांनी चकतीमागचा एक पातळ वॉशर काढून फट कमी केली. मग बॉनेट लावून गाडी उन्हात उभी केली, इंजिन चांगलं तापू दिलं आणि बटण दाबलं. टक्. काकांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मिस्त्रींना हसू आलं. माझा तर जीव भांड्यात पडला. माझ्या जागी बसवायला काढून ठेवलेला नवा कॉम्प्रेसर मिस्त्रींनी पुन्हा फळीवर ठेवून दिला.

काकू गाडीत बसल्या, गार हवेच्या झोतापुढे त्यांनी चेहरा धरला आणि विचारलं, "पुढच्या खेपेला किती वाजता निघायचं?"

मित्रांनो, यंत्रं म्हातारी झाली की कुरकुरतात. लगेच भंगारात काढू नका. आणि दाखवायला न्याल तेव्हा नटवून नेऊ नका, जशी बिघडली असतील तशीच न्या.

घरच्या वाटेवर काकूंना झोप लागली. काकांनी घर येईपर्यंत हॉर्न वाजवला नाही.