सतरा दिवस घरीच

ललित आधी पंधरवड्यातून एखादवेळी हात उचलायचा. लॉकडाऊनमध्ये तो कामाला जायचा ती कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली आणि आकांक्षाला रोज मार बसू लागला. भाजीत मीठ जास्त झालं तर मार, कमी झालं तरी मार. अकोल्याच्या त्या गल्लीत ऐकू सगळ्यांना यायचं, पण नवराबायकोच्या भानगडीत पडायचं कुणी? अशा वेळी गल्लीला फार शहाणपण सुचतं.

पहिल्या लाटेत शेजारच्या पार्बताबाईला कोरोना झाला, तेव्हा तिला होस्टेलातल्या कोविड सेंटरवर नेलं होतं. चौदा दिवसांनी ती चांगली गुबगुबीत होऊन आली.

"बेडवर चहा येये, पोरी. कोनी वाकडं बोललं नाई," ती म्हणाली. आकांक्षाने ते मनात धरलं.

दुसऱ्या लाटेत रेशनच्या रांगेत एक बाई खोकू लागली. सगळे मागे सरकले, आकांक्षा पुढे सरकली. मास्क खाली ओढून तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत उभी राहिली. नवऱ्याच्या हातून मरण्यापेक्षा रोगाने मेलेलं बरं, इतकी ती पिचली होती.

पाचव्या दिवशी अंग तापलं. तपासणी झाली. आशा सेविका मनकर्णा दारात येऊन "पॉझिटिव्ह" म्हणाली, तेव्हा आकांक्षा भरलेली पिशवी घेऊनच बाहेर आली.

"कुठी चालली? सेंटर फुल्ल हाय. वेगळी खोली असंन त्यानं सतरा दिवस घरीच राहाचं. काळजी घेनारं मानूस पायजे फक्त."

"मी हाय ना," ललित म्हणाला आणि कागदावर झोकात सही केली.

"ताई, मले न्या. कुठीबी टाका, पन इथं नका ठेवू."

"तापात असंच वाटते. असा नवरा भेटाले नशीब लागते."

दुपारी महापालिकेच्या माणसांनी फाटकाला बांबू बांधून पत्रा ठोकला. आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही. मग ललितने ती पिशवी उचलून विचारलं, "जाची लय घाई झालती तुले?"

तिसऱ्या दिवशी मनकर्णाचा फोन आला.

"ऑक्सिजन अठ्ठ्यान्नव," ललितने वाचून दाखवलं. "जेवाचं म्हनसान तर मीच भरवून राहिलो."

"तिले द्या जरा."

त्याने फोन तिच्या तोंडाशी धरला. आकांक्षाचा जबडा सुजून उघडत नव्हता. कसाबसा घोगरा आवाज निघाला, पण शब्द जुळेना.

"घसा बसला वाटते," मनकर्णा म्हणाली. "मिठाच्या गुळन्या कर." तिला अजून चाळीस घरांना फोन करायचे होते.