आनंदी रंगाचा कोळी

गणपती झाले आणि मुरलीधर सातपुत्यांचं स्वयंपाकघर लांबायला लागलं. रुंदी होती तेवढीच राहिली, छतही जागचं हललं नाही. फक्त ओटा दारापासून रोज थोडा पुढे सरकायचा आणि मधल्या जागेत नव्या फरश्या यायच्या, जुन्यांच्याच नक्षीच्या. मुरलीधरांना हे कळलं ते चहावरून. त्यांची बायको हेमलता ओट्यापाशी चहा गाळून हॉलपर्यंत आणायची, तेवढ्यात त्याच्यावर साय धरायची. पुढे तो गार यायला लागला. मग कपात निम्माच यायला लागला, कारण उरलेला तिने वाटेत प्यायलेला असायचा. त्यात तिची काही चूक नव्हती, इतकं चालल्यावर कुणालाही चहा लागतो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मुरलीधरांना ते बरंच वाटलं. मिक्सरचा आवाज कमी झाला, फोडणीचा ठसका हॉलपर्यंत पोचेना आणि पतसंस्थेतून आल्यावर बातम्या निवांत ऐकता येऊ लागल्या. हेमलता आतून काही विचारायची, तर नुसतं "हो, हो" म्हटलं की भागायचं. ते तसं आधीही भागत होतंच.

मग एका रविवारी त्यांनी दारातून आत पाहिलं आणि ओट्यापाशी उभी असलेली बायको त्यांना हिंगाच्या डबीएवढी दिसली. त्यांनी बातम्या बंद केल्या.

घाबरायला कारण होतं. मागच्या बोळातल्या हावळांचं माजघर असंच लांबत गेलं होतं आणि हावळांनी हयगय केली होती. आता त्यांच्या घरी आतून फक्त कुकरची शिट्टी ऐकू येते, तीही वारा इकडचा असला तर, आणि हावळ जेवायला खानावळीत जातात. यावरचा उपाय सगळ्या इचलकरंजीला माहीत होता. जो माणूस लांब चाललाय, त्याच्या रंगाचा टॅरंटुला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी, आणून खोलीच्या मधोमध सोडायचा. रंग जुळला की खोली जिथल्या तिथे थांबते. हावळांनीही आणला होता, पण दिसायला झकास म्हणून निळा आणला, आणि हावळवहिनी काही निळ्या नव्हत्या.

हे कोळी म्हेत्र्यांच्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळायचे. खालच्या फळ्यांवर ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. वरच्या फळ्यांवर बरण्यांमध्ये कोळी, फिक्यापासून गडदापर्यंत लावलेले. म्हेत्रे गळ्यात टेप अडकवून उभे होते.

"सॅम्पल आणलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"वहिनींचं. साडीचा काठ, जुना ब्लाउज, कायबी चालतंय."

मुरलीधर हात हलवत आले होते. म्हेत्र्यांनी नाइलाजाने एकेक बरणी उतरवायला घेतली. प्रत्येक बरणी ते रस्त्यावर उन्हात नेऊन दाखवायचे, कारण ट्यूबलाइटला रंग फसवतो. एक काळा होता, त्याचे गुडघे केशरी होते. एक राखाडी, पाठीवर गुलाबी झाक असलेला. एकाच्या पायांवर पिवळे पट्टे होते, तो उन्हात आल्याबरोबर सगळे पाय जवळ घेऊन बसला.

"हा केशरी गुडघ्याचा देखणा आहे," मुरलीधर म्हणाले.

"तुमाला आवडून काय करायचं, मालक? वहिनी कशा हाईत ते सांगा. आमसुली? अबोली? कोनफळी? का श्रीखंडी?"

मुरलीधरांना सगळे मिळून पाच-सहा रंग येत होते आणि त्यातला एक 'साधा' होता. त्यांनी डोळे मिटून बायकोला आठवून बघितलं. तिचं चालणं आठवलं, खोकणं आठवलं, आमटी अळणी झाली की न सांगता मीठ पुढे करणारा तिचा हात आठवला. रंगाच्या जागी काहीच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून हे असं व्हावं, याची त्यांना लाज वाटली. ती म्हेत्र्यांना दिसू नये म्हणून त्यांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"अगं, तुझा रंग कोणता?"

पलीकडून बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग हेमलताचा आवाज आला.

"आनंदी," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

तिला नीट ऐकू गेलं नाही, असं मुरलीधरांना वाटलं. 'कशी आहेस' असं काहीतरी ऐकलं असणार. आनंदी आहे म्हणते, म्हणजे चिंता नाही. त्यांच्या जिवात जीव आला. फार चिकित्सा न करता त्यांनी एक तपकिरी कोळी घेतला. तपकिरी कशावरही खपून जातो, असा त्यांचा पँटींच्या बाबतीतला अनुभव होता.

घरी येऊन त्यांनी तो स्वयंपाकघराच्या मधोमध सोडला. मधोमध म्हणजे आपलं अंदाजानेच. कोळी वळला, हॉलकडे तोंड करून बसला आणि पुन्हा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधरांनी दारात उभं राहून बायकोला हाक मारली. तिची "ओ" यायला इतका वेळ लागला की तोवर त्यांच्या पायात चपला होत्या आणि ते म्हेत्र्यांच्या दुकानाकडे निघालेही होते.

म्हेत्र्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यो वहिनींचा न्हाई, तुमचा निघाला," ते म्हणाले. "तुमच्याकडची बाजू थांबली, वहिनी चालूच राहिल्या. फोनवर काय म्हणाल्या त्या?"

"आनंदी आहे म्हणाली."

म्हेत्र्यांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. मग त्यांनी खालच्या फळीवरून एक ब्लाउजपीस काढला आणि काउंटरवर उलगडला. तो धड निळा नव्हता, धड हिरवाही नव्हता.

"ह्यो आनंदी. रंगाचं नाव हाय ते, मालक. बाया रोज मागत्यात."

"मला वाटलं, ती आनंदात आहे."

"आसतीलबी," म्हेत्रे म्हणाले. "ते मला कापडावरनं कळत न्हाई."

मुरलीधर त्या कापडाकडे बघत राहिले. हा रंग त्यांच्या घरात सगळीकडे होता. दोरीवर वाळत घातलेल्या साडीला होता, पडद्याच्या काठाला होता, कपाटाच्या किल्लीला बांधलेल्या चिंधीला होता. त्यांच्या डब्याच्या पिशवीलाही तोच होता आणि ती पिशवी ते रोज हातात धरून कामावर जात होते. याच रंगाला ते साधा म्हणत आले होते. त्यांना भर दुकानात रडू आलं. म्हेत्र्यांनी पाठ वळवून फॉलच्या गुंडाळ्या नीट लावायला घेतल्या.

मग वरच्या फळीवरून एक बरणी खाली आली. म्हेत्र्यांनी कापड आणि कोळी शेजारीशेजारी धरून उन्हात नेले, सावलीत नेले, पुन्हा उन्हात नेले. तसूभरही फरक नव्हता.

घरी आल्यावर मुरलीधरांनी दारातून ओरडून सांगितलं की मी निघालोय, तूही निघ. ते बरणी घेऊन चालू लागले. डाव्या हाताला मांडणी त्यांच्याबरोबर चालत होती: तूरडाळ, हरभराडाळ, पोहे, मग बराच वेळ नुसतेच रिकामे डबे. हॉलकडे तोंड करून बसलेला तपकिरी कोळी त्यांनी वळसा घालून ओलांडला. एका टप्प्यात सगळीकडे जिऱ्याचा वास होता. पुढे गॅसचे सिलिंडर ओळीने ठेवले होते, त्यातल्या एकावर बसून त्यांनी दम खाल्ला. तेवढ्यात समोरून हेमलता आली, पदराला हात पुसत.

तिची साडी कोणत्या रंगाची आहे, हे त्यांनी आधी बघितलं. पण इतक्या आत ट्यूबलाइटच होती, त्यामुळे नक्की सांगता येईना.

"बारीक झालात," ती म्हणाली.

"लांबून तसं वाटत असेल."

"आता कुठे लांब आहे मी?"

दोघं फरशीवर समोरासमोर बसले. मध्ये एकच फरशी होती. तिच्यावर मुरलीधरांनी बरणी आडवी केली आणि अलगद हलवली. कोळी घरंगळत बाहेर आला आणि पाय वर करून उताणा पडला.

"मेला का?" हेमलताने विचारलं.

मुरलीधरांनी बरणी बाजूला ठेवली. त्यांनी म्हेत्र्यांना फोन लावला.

"हात लावू नगा," म्हेत्रे म्हणाले. "मेला न्हाई, कात टाकतोय. जागचा हलवला तर मात्र मरंल. बसून ऱ्हावा."

"आणि रंग?"

"आतनं निघंल त्यो खरा. ह्योच निघंल, न्हाईतर दुसरा निघंल."

त्यांनी बायकोला तसंच सांगितलं. हेमलता विचारात पडली. उताण्या कोळ्याकडे बघत ती म्हणाली, "मी आनंदी म्हटलं खरं. पण तो रंग मी माहेरी सांगायचे. त्यानंतर कुणी विचारलंच नाही हो. अजून तोच असेल का, मलाही ठाऊक नाही."

"दुसरा निघाला तर दुसरा," मुरलीधर म्हणाले. "पण बघून घेऊ. मी बघणार आहे."

ती कोळ्याकडे थोडी सरकून बसली. तिचा गुडघा आणि कोळी यांच्यामध्ये एक नवी फरशी आलेली त्यांना दिसली, नक्षीसकट. तिला मागून कुणी हळूच ओढावं तशी ती बसल्या जागी मागे गेली होती. ती उठून पुढे आली आणि पुन्हा बसली. थोड्या वेळाने आणखी एक फरशी आली. मग एकदम दोन आल्या.

"इकडे हात दे," मुरलीधर म्हणाले.

हेमलताने पुढे वाकून हात दिला. लग्नानंतर त्यांनी तो असा कधी धरला नव्हता. बोटांच्या टोकांना भाजल्याचे जुने डाग होते आणि तिच्या हाताला हळदीचा वास येत होता. दोघांचे हात कोळ्याच्या वरून ताणलेले होते. कोळ्याच्या पाठीवर कुठेतरी बारीक चीर पडल्याचा आवाज झाला. फरशी आली. हात कोपरात सरळ झाले. पुन्हा फरशी आली आणि मनगटावरची पकड तळहातावर आली.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"दुखू दे. तुम्ही तिकडे बघा."

त्यांनी बघितलं. फरशी आली. आता फक्त बोटं बोटांत अडकलेली होती आणि दोघंही पोटावर आडवे झाले होते. जुन्या पायाच्या नळीतून नवा पाय बाहेर येत होता, सावकाश, एकेक सांधा मोकळा करत. मुरलीधरांनी डोळे बारीक केले आणि जमेल तितकी मान पुढे काढली.

पाय अजून ओला होता. रंग कळत नव्हता.