न मोजलेली माणसं

सकाळी सव्वादहाला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, शंकाबाईने उभं राहून विचारलं, "मॅडम, म्हणजे हा अभ्यास झालाच नाही?"

"झाला की. माझ्या जेवणाच्या टेबलावर, एका सुट्टीत," मॅडम म्हणाल्या. वर्ग खदखदून हसला.

पुरावा पारखायला शिकवायची ही मॅडमची जुनी रीत. आधी एक बनावट शोधनिबंध वाटायचा, मुलांनी माना डोलावल्या की पुढच्या आठवड्यात त्याची चिरफाड करायची. यंदाचा निबंध सांगत होता, की हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या ज्या रुग्णांनी रक्त पातळ करणारी गोळी सोडली, ते जास्त सुखात राहिले. खोट एवढीच, की गोळी सोडल्यावर ज्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यांना मोजलंच नव्हतं. मागच्या बाकावरच्या एकाने ती आत्ताच पकडली होती.

शंकाबाई एरवी फळ्यावरच्या तारखेवरही शंका काढायची, म्हणून ते नाव. आज ती खाली बसेना.

"पप्पांनी गोळी बंद केलीय," ती म्हणाली. "हिरड्यांतून रक्त यायचं, वैतागले होते. मीच त्यांना हे वाचून दाखवलं."

"त्यांच्या डॉक्टरांना विचारलंत?"

"तुम्ही दिलेलं होतं ना, मॅडम."

 वर्ग तसाच टाकून मॅडमनी तिला व्हरांड्यात नेलं.

"फोन लाव. आधी बरे आहेत का ते विचार."

पप्पांनी उचलला नाही. ते सामान पोचवायची गाडी चालवायचे. मग तिने आईला लावला.

"बरेच आहेत की," आई म्हणाली. "सकाळी बुटाची नाडी बांधता येईना, तर माझ्यावरच डाफरले. हात झोपलाय म्हणे. गेले तसेच."

मॅडमनी फोन जवळजवळ हिसकावलाच. "मी हिची शिक्षिका. बोलणं नीट होतं त्यांचं?"



"जीभ जड वाटली थोडी. मला वाटलं, रागाने. का हो?"

मॅडमना आकडे तोंडपाठ होते. गोळी न घेणाऱ्या अशा शंभर जणांत वर्षाकाठी चार-पाच जणांना पक्षाघाताचा झटका येतो. आठवडाभर गोळी चुकली, तर शंभरात एकालाही नाही. एरवी हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. शंकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी सांगितलं नाही.

मग शंकाबाईने पप्पांच्या गोदामात फोन लावला. तिथल्या माणसाला पडद्यावर सगळ्या गाड्या दिसत. त्याने शोधली.

"ही काय, पुलाच्या अलीकडे. उभी आहे."

"सिग्नल आहे तिथे?" शंकाबाईने विचारलं.

"नाही. बराच वेळ उभी दिसतेय. डुलकी काढत असतील, तुमचे पप्पा झोपेला पक्के." तो हसला आणि मधेच थांबला. "इंजिन मात्र चालू आहे."

मॅडमनी अँब्युलन्सला जागा सांगितली. दोनदा सांगितली. शंकाबाई भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती. आत पोरांचा कलकलाट चालला होता. फळ्यावर मॅडमच्या अक्षरात प्रश्न होता: कोण गाळले गेले?

अकराला पाच कमी असताना अँब्युलन्स पुलावरच्या गर्दीत अडकली होती. पप्पांचा फोन वाजत होता. गाडी त्याच जागी उभी होती, इंजिन चालू.