जखमी व्यक्तीच्या पायात काही नव्हतं

"दोघं गेले होते आणि तुम्ही एकीलाच शिक्षा केलीत. याला निवाडा म्हणत नाहीत, साहेब. याला सोयीचं माणूस गाठणं म्हणतात."

कौमुदीनं हे वाक्य घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. कांदा चिरताना म्हणून पाहिलं, लेकीच्या, ओवीच्या, वेण्या घालताना मनातल्या मनात म्हणून पाहिलं. वाक्य होतं मंडळाच्या अध्यक्षांसाठी. सौदीतल्या धाहरानजवळच्या त्या कंपाउंडात जी काही मराठी घरं होती त्यांचं हे मंडळ, आणि अध्यक्षांना तसं कुणी निवडून दिलं नव्हतं. पण खुर्ची रिकामी दिसली की काही माणसांच्या पायांना आपोआप वाट सापडते. सगळे त्यांना साहेब म्हणत. कौमुदीही म्हणायची.

इथल्या पुरुषांची एक खोड आहे. तेलाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत कुठलीही मीटिंग 'सेफ्टी मोमेंट'शिवाय सुरू होत नाही. कुणीतरी उठायचं, कुठे काय अपघात झाला आणि त्यातून काय शिकायचं ते थोडक्यात सांगायचं, मग कामाला लागायचं. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मंडळाच्या बैठकीतही गणपतीचा श्लोक संपला की सेफ्टी मोमेंट. कुणी गॅसच्या नळीचं सांगे, कुणी गाडीत मुलांना पट्टा लावायचं. सगळ्यांत रंगवून सांगे तो कौमुदीचा नवरा इंद्रनील. सेफ्टीतलाच इंजिनिअर, नाशिकचा, जिभेवर खडीसाखर. त्याच्या धंद्याचा एक नियम होता: अपघाताची गोष्ट सांगताना नाव घ्यायचं नाही. 'जखमी व्यक्ती' म्हणायचं. माणसाला दोष द्यायचा नसतो, धडा घ्यायचा असतो.

मागच्या बैठकीला ज्याची पाळी होती तो आलाच नाही. साहेब म्हणाले, इंद्रनील, होऊन जाऊ द्या काहीतरी. आणि इंद्रनील उठला.

त्यानं सुरुवातच अशी केली की युरोपात समुद्रात एक बेट आहे, तिथल्या किनाऱ्यांवर कपडे घालणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. बायकांनी पोरांना खेळायला बाहेर पिटाळलं आणि स्वतः मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आपल्या ओळखीतलीच एक जखमी व्यक्ती," इंद्रनील सांगत होता. "तिनं अंगावरचं सगळं उतरवलं. ठीक आहे, हौस एकेकाची. पण त्या भरात पायातलंही उतरवलं. खडकावरून येताना पाय पडला तो काट्यांच्या काळ्या गोळ्यावर, समुद्रात असतात ना तसल्या. तळव्यात ही झालर. तर धडा काय? बाकी काही नसलं तरी चालेल, पायात हवं."

हॉल फुटला. साहेबांनी मांडीवर थाप मारली. मग हसणं एकेका रांगेतून ओसरत गेलं, कारण नजरा फिरत फिरत पहिल्या रांगेत पोचल्या होत्या. तिथे कौमुदी बसली होती. डावा पाय समोरच्या खुर्चीवर, बँडेजमध्ये. सुट्टीत नाशिकला लग्नाच्या हॉलमध्ये काच घुसली, असं तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं.

नाव घ्यायची गरज कुणाला होती?

ते बेट फॉर्मेंतेरा. आणि तिथे जायची हौस कौमुदीची नव्हती. इंद्रनीलच्या ऑफिसातल्या एका स्पॅनिश माणसानं त्याच्या डोक्यात भरवलं होतं आणि मग त्यानं तिची पाठ सोडली नाही. एकदाच, तिथे कोण ओळखतंय, आयुष्यभर काय अंग झाकतच मरायचं का. ती नाही म्हणायची, तो हसून गप्प बसायचा, पुन्हा महिन्याभरानं काढायचा. शेवटी ओवीला नाशिकला आजीकडे ठेवलं आणि दोघं निघाले. कौमुदीचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या इकाम्याला बांधलेला. देशाबाहेर पाऊल टाकायचं तर तिचा जाऊन परत यायचा व्हिसाही त्याच्याच फोनवरून निघतो. म्हणजे तिला तिथे नेलं कुणी, हे सरकारदरबारीसुद्धा स्पष्ट होतं.

पहिल्या दिवशी ती कुर्ता-सलवारीत छत्रीखाली बसून राहिली, कलिंगड खात. हिरव्यानिळ्या पाली येऊन सालं चाटून जायच्या. इंद्रनीलनं चड्डी काढून पिशवीत कोंबली आणि शाळा सुटल्यासारखा पाण्याकडे पळाला. ती खाली मान घालून बसली. मग तिनं मान वर केली, आणि पाहिलं तर तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. सुटलेली पोटं, लोंबलेल्या मांड्या, कोड, पाठीवरचे केस. एक आजी चेंडू-फळी खेळत होती. तिचा एक स्तन ऑपरेशनमध्ये गेला होता, तिथे नुसता आडवा व्रण. ती चेंडू चुकवायची आणि खदखदून हसायची.

कौमुदीच्या पोटावर ओवीच्या वेळचा टाका होता. चिघळून वेडावाकडा भरलेला. इतकी वर्षं ती नवऱ्याकडेही पाठ करून कपडे बदलत आली होती. त्या आजीकडे पाहता पाहता तिला कळेना की आपण हे नक्की कुणापासून लपवतोय. दुसऱ्या दिवशी कुर्ता छत्रीच्या काडीला टांगला गेला. त्या टाक्यावर पहिल्यांदा ऊन पडलं, खारं पाणी लागलं. रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली.

आणि शेवटच्या दिवशी काटे घुसले. पाय टेकवता येईना. इंद्रनील म्हणाला, बस पाठुंगळी. खडकापासून वाळूपर्यंत, इतक्या लोकांच्या मधून, तो तिला घेऊन आला. ती वेदनेनं कण्हत होती आणि हसतही होती. लग्नानंतर इतका जवळचा तो तिला कधी वाटला नव्हता. परतीच्या बोटीत तिनं त्याच्याकडून वचन घेतलं. त्यानं गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली, "बेटावरचं बेटावर. खलास."

त्या खलासची किंमत एक हशा.

बैठकीहून परतल्यावर तो उलट चकितच झाला. "नाव कुठे घेतलं मी? अगं, ही पद्धत असते." तो इतक्या निरागसपणे म्हणाला की तिला क्षणभर वाटलं, याला खरंच कळत नसेल. त्यावर त्यानं आणखी सांगितलं की लोक विसरतील, तू मनाला लावून घेऊ नकोस. लागलं कुणाला ते ठरवायचं काम बहुतेक त्यानंच घेतलं होतं.

लोक विसरले नाहीत. शुक्रवारी कौमुदी कंपाउंडातल्या मुलांना मराठी शिकवायची. ही पोरं घरी आईबापांना इंग्रजीत उत्तरं देतात, त्यांना तिनं ओव्या म्हणायला लावल्या होत्या, भांडायलासुद्धा मराठीतून शिकवलं होतं. तिच्या हाती इथे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. साहेबांचा फोन आला. पायाला विश्रांती द्या, वर्ग सध्या स्वानंदी घेईल. पाय तर बरा होत आला होता. ओवीनं शाळेतून आल्यावर विचारलं की शर्विलची मम्मी त्याला आपल्या घरी का पाठवत नाही. कौमुदीनं तिला भूक लागलीय का विचारलं.

तेवढी बिलकिस आली. बिलकिस रत्नागिरीची, इथल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर. कौमुदीच्या तळव्यातले काटे तिनंच उपसले होते. चहा पिता पिता ती म्हणाली, "काच नव्हती ती, मला पहिल्या काट्याला कळलं गो. समुद्राकडे जन्म गेला माझा. पण मी विचारलं काय? पेशंटनं सांगायचं ते पेशंटनं सांगावं." कप खाली ठेवत म्हणाली, "तुझ्या घोवानं ते पण नाही ठेवलं तुझ्याकडे."

तेव्हा कौमुदीनं ठरवलं. वर्ग परत मागायचा, आणि तो भर बैठकीत. इंद्रनील बाजूला उभा राहील अशी तिची खात्री होती. मूर्ख बाई. पण ज्यानं पाठीवरून आणलं त्याच्यावर माणूस आणखी काय विश्वास ठेवणार?

या बैठकीला श्लोक झाला. साहेबांनी विचारलं, आज सेफ्टी मोमेंट कुणाची?

"माझी," कौमुदी म्हणाली.

ती उभी राहिली आणि घोटलेलं वाक्य तिनं साहेबांच्या तोंडावर फेकलं. दोघं गेले होते आणि तुम्ही एकीलाच शिक्षा केलीत. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढंच.

साहेब रागावले नाहीत. ते हळहळले, आणि ते जास्त वाईट होतं. "वहिनी, दोघं कुठे? इंद्रनील मला त्याच आठवड्यात भेटून सगळं सांगून गेले. ते हॉटेलवर तापानं फणफणत होते, तुम्ही एकट्याच गेलात. त्यांच्याकडे बघूनच तर आम्ही एवढ्यावर मिटवलं."

सगळा हॉल इंद्रनीलकडे वळला, आणि काय सांगावं, त्या नजरांत कणव होती. बिचारा. आजारी माणूस, आणि बायकोची ही तऱ्हा. पुरुषाचा ताप फार गुणी असतो, हवा तेव्हा चढतो.

कौमुदीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला अजूनही वाटत होतं की तो नाही म्हणेल. उठणार नाही कदाचित, पण मान तरी हलवेल. इंद्रनील फोनमध्ये बघत होता, आणि फोनची स्क्रीन काळी होती.

"कौमू, घरी बोलू," तो पुटपुटला.

बरोबर आहे. बायकोची इज्जत चारचौघांत काढायची आणि स्वतःची घरी जपायची.

साहेबांनी घसा खाकरला, पुढचा विषय घ्यायला हवा, दिवाळी पहाटेचा हॉल ठरायचाय वगैरे सुरू केलं. कौमुदी खाली बसली नाही. मुद्दाम डाव्या पायावर भार टाकून ती उभी राहिली. साहेबांसाठी घोटलेलं वाक्य संपलं होतं, आणि आता जे तोंडात आलं ते तिनं कधीच घोटलं नव्हतं.

"घरी नको. गोष्ट तू इथे सांगितलीस, इथेच पुरी कर. त्या जखमी व्यक्तीला एक पाऊल टाकता येत नव्हतं. तिला खडकापासून वाळूपर्यंत पाठीवर घेऊन कोण आलं? आणि त्याच्या अंगावर काय होतं, इंद्रनील? सांग यांना."