पडद्यावर नाचणारा आत्मा

काशिनाथची बायको प्रमिला गेल्याचं कळलं त्या दिवशी अयोध्या नगर वसाहतीत त्याच्या दारात माणसं मावत नव्हती. पण महिन्याभराने शाहपुऱ्यातल्या हॉलमध्ये तिचा आवाज ऐकायला जी झुंबड उडाली, तिच्यापुढे ती गर्दी काहीच नव्हती. जिवंतपणी कुणी तिचं फारसं ऐकलं नव्हतं.

आवाज ऐकवायचे स्वरानंद महाराज. चौरंगावर हार घातलेला लॅपटॉप, भिंतीवर मोठा पडदा, हॉलभर अंधार आणि स्वस्त अत्तराचा घमघमाट. मेलेल्या माणसाचा आवाज घुमला की पडद्यावर निळ्याजांभळ्या लाटा नाचायच्या. विडा चघळत महाराज ओरडायचे, "ये देखो, आत्मा का प्रकाश!" कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर हात जोडायचे.

काशिनाथला असल्या गोष्टींचा तिटकारा. तो गेलाच नाही. मुलगी अबोली मात्र गेली आणि रडत परत आली.

"बाबा, आईच होती. म्हणाली, गोळ्या नकोत."

अबोलीला शाळेपासून फिट्स यायच्या. गोळ्यांवर ती ठणठणीत होती. त्या तिने बंद केल्या. थोड्याच दिवसांत बिट्टन मार्केटात भाजी घेताना झटका आला. ती टोमॅटोच्या ढिगावर कोसळली, हनुवटी फाटली. टाके पडले तरी पोरगी गोळी घेईना.

"आईपेक्षा डॉक्टरांना जास्त कळतं का?"

काशिनाथ खालच्या मजल्यावरच्या शर्वरी मॅडमकडे गेला. त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत. पुढच्या बैठकीला अबोलीसह तिघेही गेले.

"प्रमिला बहन, बेटी पूछ रही है, दवा खाए या नहीं?"

"गोळ्या नकोत... गोळ्या नकोत... गोळ्या नकोत..."

लाटा उसळल्या. दर वेळी आधी तोच बारीक खोकला यायचा. आवाज तिचाच होता. शेवटच्या दुखण्यात, नागपूरच्या मेहुणीला पाठवायला त्यानेच मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओतला.

तो इथे कसा आला? हिंदी मुलखातल्या या शहरात मराठी मंडळींत एक रीत पडली आहे. गेलेल्या माणसाचे फोटो, व्हिडिओ तेराव्याला टीव्हीवर दाखवायचे. घरचे लोक पेन ड्राइव्ह देतात, मराठी मंडळाचे सदाशिवराव तो लावतात. त्या धामधुमीत तो परत मागायचं कुणाला सुचत नाही. आणि सदाशिवराव महाराजांचे पहिले भक्त!

शर्वरी मॅडम उठल्या. "महाराज, आत्म्याला वाक्य पूर्ण करायला सांगा की."

"शंका करोगी तो आत्मा नाराज होगी, बहनजी!"

"होऊ दे. तिन्ही वेळा त्याच जागी खोकणारा आत्मा मी आजच ऐकतेय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सदाशिवराव उसळले, "मॅडम, खाली बसा! भाविकांच्या भावना आहेत."

"बायको माझी आहे, सदाशिवराव," काशिनाथ म्हणाला. "भावना मला विचारा."

मॅडमनी लॅपटॉपला आपला पेन ड्राइव्ह लावला. महाराज हात घालायला धावले. काशिनाथने त्यांचं मनगट धरलं. ते तेलकट, ओलसर होतं. त्याला शिसारी आली, पण त्याने सोडलं नाही.

घर्रर्र! हॉलभर मिक्सरचा आवाज घुमला. पडद्यावर त्याच निळ्याजांभळ्या लाटा थयथय नाचू लागल्या.

"आज सकाळी मी दाण्याचं कूट केलं," मॅडम म्हणाल्या. "हा शेंगदाण्यांचा आत्मा. अहो, वीस वर्षांपूर्वी तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर गाणं लावलं की अशाच लाटा दिसायच्या ना? नव्या प्लेयरमध्ये ती सोय कुठेतरी आत दडलेली असते, म्हणून तुम्ही विसरलात. आवाज कसलाही असो, प्लेयर त्याच्या चढउतारावर चित्र हलवतो."

"पर आवाज तो प्रमिला बहन की ही है ना?" महाराज किंचाळले.

"तिचाच. चोरलेला."

मॅडमनी पहिली फाइल पुन्हा लावली आणि पडदाभर पसरलेलं चित्र लहान केलं. लाटांमागून प्लेयरची खिडकी दिसली. वर नाव होतं : प्रमिला काकू तेरावं. "तेराव्याच्या व्हिडिओतला नुसता आवाज काढलाय. त्याचा एवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजव, असं प्लेयरला सांगता येतं. ही ती खूण. आता ती काढते."

"गोळ्या नकोत हो अशा रिकाम्या पोटी," प्रमिला खोकून म्हणाली. "आधी पोहे द्या, मग घेते."

मग एक पुरुषी आवाज आला : "बरं बाई, आणतो."

सगळ्यांच्या माना काशिनाथकडे वळल्या. तो तर जिवंत, महाराजांचं मनगट धरून उभा होता.

"यांचाही आत्मा आला का महाराज?" मॅडमनी विचारलं.

घरी आल्यावर अबोलीने पोळीभाजी खाल्ली आणि गोळी घेतली.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरच्या कॉम्प्युटरवर तो खुशाल ऐका, रडा. पण यंत्राला हार घालू नका, आणि औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. ज्याला दुःखाचाही धंदा करता येतो, त्याच्यापाशी देव कुठून असणार?

काशिनाथने पोलिसांत तक्रार दिली आहे. साक्षीसाठी तो हॉलमध्ये आलेल्यांच्या घरोघरी गेला. "आवाज तर आमच्याच माणसाचा होता ना," म्हणत लोकांनी दारं लावून घेतली. साक्ष द्यायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.