माझे खरे किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. किती जुनी, ते कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकते. मी सोळा वर्षांची आहे. वय लपवायची हौस मला कधीच नव्हती. ती दुसऱ्यांना होती, आणि त्यापायी माझ्यावर जो प्रसंग आला तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशात झाला. कारखान्याच्या दारातून बाहेर पडले तेव्हा माझ्या मीटरवर पुरते सात किलोमीटरही नव्हते. पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी मला घेतले. त्यांचे काम गावोगावी असायचे. मागच्या सीटवर पाइप आणि पाने-पक्कड, पुढे डबा आणि टोपी, असा आमचा संसार. संध्याकाळी घरी आले की ते मीटरवर टिचकी मारून बायकोला सांगायचे, आज एवढे झाले. त्यांच्या बोलण्यात कौतुक असायचे. प्रत्येक किलोमीटर ही मला मिळालेली शाबासकीच आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

माझी निगा राखायला एक गॅरेजवाली बाई होती. कमी बोलायची आणि फार नीटनेटके काम करायची. माझ्या इंजिनाच्या एका बाजूला दातेरी पट्टा आहे, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. इंजिनाचे सगळे भाग त्याच्या तालावर हलतात. एक लाख किलोमीटर झाले की तो बदलावा लागतो. नाही बदलला, तर एक दिवस काही न सांगता तुटतो आणि गाडी असेल तिथे बंद पडते. त्या बाईला शेवटपर्यंत वाट पाहणे आवडत नसे. तिने तो ब्याऐंशी हजार चारशेवरच बदलला आणि इंजिनाच्या झाकणावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तो आकडा लिहिला.

पुढे पंपवाले गृहस्थ थकले. त्यांच्या अंगणात मी काही महिने पानगळ झेलत उभी राहिले. मग मला विकले गेले, जहाजात चढवले गेले आणि शेकडो गाड्यांबरोबर मी या देशात उतरले. तेव्हा माझ्या मीटरवर एक लाख एक्क्याऐंशी हजार तीनशे किलोमीटर होते. मला त्यांचा अभिमान होता.

जुन्या परदेशी गाड्या विकणाऱ्या एका माणसाने मला घेतले. तो सारखा 'चकाचक' म्हणायचा, म्हणून सगळे त्यालाच चकाचक म्हणत. त्याने मला धुतले, पुसले, पॉलिश केले. पायाखालच्या पेडलांना नवे रबर बसवले. स्टिअरिंगवर नवे कव्हर चढवले. नवा साज कुणाला आवडत नाही? मीही थोडी फुशारले. पण दुसऱ्या दिवशी एक माणूस हातात छोटी डबी घेऊन आला. त्याने डबीची तार माझ्या डॅशबोर्डखाली खुपसली, चार बटणे दाबली, आणि माझ्या मीटरवर आकडा उमटला, एकसष्ट हजार तीनशे.

मित्रांनो, एक लाख वीस हजार किलोमीटर चहाचा कप थंड व्हायच्या आत गेले. मला फार वाईट वाटले. आकडा कमी केला म्हणून काही झिजलेला पट्टा नवा होत नाही. तो बसवल्याला अठ्ठ्याण्णव हजार नऊशे किलोमीटर झाले होते. फक्त अकराशे उरले होते, आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

चकाचकने एक गोष्ट मात्र मुद्दाम तशीच ठेवली. माझ्या अंगावरच्या परदेशी चिठ्ठ्यांपैकी त्याने एकही काढली नाही. तिकडच्या लिपीतली अक्षरे पाहिली की गिऱ्हाईक खूश होते, गाडी खरोखर बाहेरची आहे अशी त्याची खात्री पटते, असा त्याचा अनुभव होता. सगळ्याच विक्रेत्यांची ती पद्धत. धुणाऱ्यांनाही त्याने बजावले होते की चिठ्ठ्यांना पाणी लागू द्यायचे नाही. ती अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, म्हणून त्यांखालच्या आकड्यांकडेही त्याने कधी पाहिले नाही.

एका सकाळी एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ आले. बाई दवाखान्यात नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणे करायला त्याच जात. गृहस्थ त्यांचे मामा. उभा जन्म बस दुरुस्त करण्यात गेलेला, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या महिन्यात सिस्टरची आधीची गाडी चढावर बंद पडली होती. बॅग खांद्याला लावून त्या तासभर चालल्या. पोचल्या तेव्हा बाळ जन्मलेही होते आणि आईला रक्तस्राव थांबत नव्हता. दोघे वाचले, पण कसेबसे. त्या दिवसापासून सिस्टरना नीट झोप नव्हती. हे सारे मामाच बोलता बोलता चकाचकला सांगत होते. ही बाई त्याच चढावर मला नेणार होती.

चकाचकने मीटरवरचा एकसष्ट हजारांचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मामांना मीटर दिसत नव्हते, त्यामुळे त्यांनी त्याकडे पाहिलेच नाही. ते आत बसले आणि हाताने चाचपू लागले. पेडलाच्या रबरावरून अंगठा फिरवून त्यांनी विचारले, एवढ्या कमी चाललेल्या गाडीला रबर नवे का? चकाचक म्हणाला, खास तुमच्यासाठी. मामांनी स्टिअरिंगचे कव्हर बोटभर सरकवले. खालचे कातडे गुळगुळीत झाले होते. मग सीटच्या कडेवर तळवा दाबला. पंपवाले गृहस्थ चांगले जाडजूड होते आणि दिवसातून वीसदा चढायचे-उतरायचे. ती कडा कधीच बसली होती. मामा नुसते हुंकारले.

इंजिनाचे झाकण उघडल्यावर चकाचकला राहवेना. त्याने पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवून सांगितले की ही बघा, अस्सल तिकडची, हिला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. मामांनी सिस्टरना ती वाचायला सांगितली. सिस्टर म्हणाल्या की अक्षरे कळत नाहीत, पण पट्ट्याचे चित्र आहे आणि खाली आकडा आहे.

"कोणता आकडा?"

"ब्याऐंशी हजार चारशे."

मामा इंजिनापासून सरळ झाले. मग शांतपणे म्हणाले, "पट्टा बदलला ब्याऐंशी हजारावर, आणि गाडी चालली एकसष्ट हजार. म्हणजे पट्टा हिच्या आधी निघून पुढे गेला होता का?"

चकाचकचा चेहरा उतरला. तो म्हणाला की चिठ्ठी दुसऱ्याच गाडीची असेल, कुणीतरी चिकटवली असेल. मामांनी वाद घातला नाही. त्यांनी सिस्टरना दाराखालच्या पत्र्यावर कोरलेला माझा चासी नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, उतरवून घ्यायला सांगितले. माझ्या देशात दर दोन वर्षांनी प्रत्येक गाडीची सरकारी तपासणी होते आणि मीटरवरचा आकडा नोंदवून ठेवतात. चासी नंबर कळवला की ती नोंद मागवता येते. उत्तर यायला दोन दिवस लागणार होते. दुसरे गिऱ्हाईक टपून बसले आहे, असे चकाचकने सुचवून पाहिले. मामा म्हणाले, बसू दे.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. दुसरे गिऱ्हाईक खरोखरच आले. नवरा-बायको होते, दोघांनाही माझा रंग आवडला. त्यांनी किल्ली फिरवली तेव्हा मी दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा मुकी झाले. तेवढेच माझ्या हातात होते. ते नाक मुरडून शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आल्या. त्यावर माझे सगळे आयुष्य ओळीने लिहिलेले होते, आणि शेवटच्या ओळीत जहाजात चढण्यापूर्वीचा आकडा. एक लाख एक्क्याऐंशी हजार तीनशे. माझा जीव भांड्यात पडला. आता मात्र मला घेणार नाहीत, असेही वाटले आणि त्याचे दुःख झाले.

चकाचक खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "ताई, आकडा मोठा दिसला की लोक दारसुद्धा उघडून बघत नाहीत. सगळेच करतात. मी एकट्याने काय करायचं?"

"मी हिच्यात बसून बाळंतपणाला जाणार होते," सिस्टर म्हणाल्या. "चढावर पट्टा तुटला असता, तर वर वाट बघणाऱ्या बाईला मी काय सांगितलं असतं?"

चकाचक टेबलावरची पेने सरळ करू लागला. सिस्टर कागदाची घडी घालून निघाल्या, तेव्हा मामांनी त्यांना थांबवले.

"गाडीवर राग धरू नकोस," ते म्हणाले. "इंजिन ठणठणीत आहे, मी चालू करून ऐकलंय. खोटं हिने सांगितलं नाही, हिच्याकडून वदवून घेतलं. आता किती चाललीय ते आपल्याला कळलंय ना? मग हिला काय हवंय तेही कळलं."

सिस्टर परत आल्या. त्यांनी दोन अटी घातल्या. माझा खरा आकडा परत बसवायचा आणि नवा पट्टा मामांच्या समोर घालायचा. डबीवाला पुन्हा आला, या वेळी मान खाली घालून. जुना पट्टा निघाला तेव्हा मामांनी तो बोटांत वाकवून पाहिला. त्याच्या दातांच्या मुळाशी बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. मामांनी तो सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी एकेका चिरेवर बोट ठेवले आणि पट्टा चकाचकच्या टेबलावर ठेवून, नवा बसल्यावर त्या मला घेऊन निघाल्या. त्या पट्ट्याला पाहून मला भीती वाटली आणि त्याची कीवही आली. बिचारा शेवटपर्यंत राबला होता.

तीन आठवड्यांनी दुपारी वरच्या वस्तीतून निरोप आला. बाळ पोटात आडवे होते. सिस्टरनी मागच्या सीटवर बॅग टाकली आणि आम्ही निघालो. त्या चढावर वळणामागून वळण येते, एका बाजूला दरी आहे. मी धापा टाकल्या, पण थांबले नाही. अर्ध्या वाटेवर माझ्या मीटरवर एक लाख ब्याऐंशी हजार चारशेचा आकडा, जिथे जुन्या पट्ट्याची मुदत संपली असती तो, आला आणि मागेही पडला. आम्ही वेळेत पोचलो. मी अंगणात गरम होऊन उभी होते आणि आतून काहीच ऐकू येत नव्हते. मग एकदम बाळाचे रडणे आले, चांगले खणखणीत. मुलगी झाली होती. आईही सुखरूप होती.

बाळाचे वडील सिस्टरची बॅग गाडीपर्यंत आणून द्यायला आले. माझ्या मीटरकडे नजर गेली तसे ते थबकले.

"बाप रे, एवढी चाललेली गाडी घेऊन तुम्ही वर आलात?"

"किती चालली ते माहीत होतं, म्हणून आले," सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी जुनी गाडी घ्यायचे ठरले, तर एवढे मोठ्यांना जरूर सांगा. मीटरवरच्या आकड्यावर भाळू नका. पेडले चाचपा, चिठ्ठ्या वाचा, चासी नंबरावरून नोंद मागवा. आणि खरा आकडा मोठा निघाला, तरी गाडीला लगेच नाकारू नका. तिचे काय बदलायचे राहिले आहे ते विचारा आणि ते बदला. मग ती तुम्हाला चढावर सोडणार नाही.