मशीनच्या पोटातला कारकून

दिवेलागणीला धनलाल बिसेनांच्या अंगणात चपलांना जागा उरली नव्हती. अख्खं कामठा गाव लोटलं होतं, सौंदडहूनही जीप भरून माणसं आली होती. आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा, पडदा काळा, वर झेंडूचा हार. समोर पाटावर बकाराम महाराज.

“लाइट बंद!” महाराज गरजले. “आत्मा अंधेरे में ही आएगी!”

टेबलाला लागून भिंतीशी बसलेला त्यांचा चेला केशोराव जरासा हलला. बल्ब विझला. क्षणभर काळोख, आणि मग लॅपटॉपचा पडदा आपोआप उजळला. त्यावर उमेंद्रचा हसरा फोटो, खाली त्याचं नाव. महिन्यामागे तापानं गेलेला धनलालचा मुलगा उमेंद्र.

“आला! आला वो माय!” बायकांनी हंबरडा फोडला. कोणी नारळ फोडला, कोणी मोबाइलवर चित्रण सुरू केलं.

“ये कंप्यूटर नहीं है भक्तों, कलियुग की पालखी है! पहले आत्मा पीपल पर रहती थी, अब करंट में रहती है!” महाराज म्हणाले. पिंपळ सोडून आत्मा वायरमध्ये राहायला का आली, हे कोणी विचारलं नाही.

उमेंद्रची आई सुखवंता भिंतीला टेकून हे पाहत होती. तिला रडू येत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. पोरगा गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं. पुढे ताट ठेवलं की ती जेवायची, उचललं की उठायची.

सुरुवात साधी होती. माणूस गेला त्या जागी दिवा ठेवायचा, हा घरचा रिवाज. पंख्याच्या वाऱ्यानं समई तेवत राहीना, म्हणून धनलालनं उमेंद्रच्या टेबलाखाली जमिनीवर असलेल्या बोर्डावरच एक बल्ब जोडला. त्याच बोर्डात लॅपटॉपचा चार्जर होता. उमेंद्रनं लावलेला तो चार्जर काढायला कोणाचा हात धजला नव्हता. एका संध्याकाळी गावाची वीज गेली आणि अंधारात उमेंद्र पडद्यावर हसला. सकाळपर्यंत गावभर झालं, आणि त्यामागोमाग महाराज आले.

पडदा थोड्या वेळानं विझला. केशोराव पुन्हा हलला, बल्ब लागला. महाराजांनी आता आवाज खाली आणला.

“बेटा उमेंद्र, तू मोकळा काऊन नाई होत? घर में किसने बांधा है तुझे? तुझ्या बायकोनं बांधलं असंल तं दर्शन दे!”

बल्ब विझला. फोटो उजळला.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथं सोनिका उभी होती, कडेवर लहानगी उर्वशी.

“उद्याच हिले माहेरी धाडा,” महाराजांनी निकाल दिला. “पोरगी मात्र इथंच राहील. ती इस घर का खून है.”

“बाबूजी, ते वायरमुळं...” सोनिका सासऱ्याकडे पाहून म्हणाली.

“तू चूप राय!” मागून कोणीतरी ओरडलं. धनलालनं मान खाली घातली. उर्वशीनं आईची ओढणी मुठीत घट्ट धरली.

ती मूठ सुखवंतानं पाहिली.

सुखवंता नवी नवरी म्हणून कामठ्यात आली त्या वर्षी गावात पहिल्यांदा वीज आली होती. सासूनं बल्बाला कुंकू लावायला स्टुलावर चढून हात पुढे केला, तेव्हा लाइनमन ओरडला होता, “आजी, तार होये ते, देव नोहोय!” सासू चार दिवस त्याच्यावर रुसली होती. ते आठवलं, आणि त्यामागून उमेंद्र आठवला. याच टेबलावर बसून तो बाहेरच्या कोणाकोणासाठी कंप्यूटरचं काम करायचा. भात कालवता कालवता म्हणाला होता, “माय, ह्या मशीनच्या पोटात कंपनीनं एक कारकून बसवला हाय. फर्मवेअर म्हणते त्याले. तो वरच्या कारभाऱ्याले खबर धाडते. कर्नेल म्हणजे तो कारभारी, सारं मशीन चालवणारा.”

“मंग?”

“मंग काय! हा कारकून खोटाडा हाय. चार्जरची लाइट गेली का बोंबलते, उठा उठा, मालक आला! अन् मशीन उठते.”

“त्याले काढून टाक ना.”

“कुलूप कंपनीचं हाय, मले हात लावता येत नाई. म्हणून मी कारभाऱ्यालेच शिकवून राहिलो, का ह्या मॉडेलचा कारकून असा बोंबलला तं त्याचं ऐकू नोको.”

तेव्हा ती हसली होती. “म्हणजे तुले पगार खोट्यायच्या चुका निस्तरायचा भेटते!”

बल्ब पुन्हा लागला होता, पडदा झोपला होता. सुखवंता उठली.

“महाराज, एक सवाल मी पुसू?”

“पूछो माता, पूछो! माँ का सवाल तो बेटा सुनेगा ही.”

ती टेबलाशी वाकली. बल्ब तसाच राहू दिला. “उमेंद्र,” ती सपाट आवाजात म्हणाली, “हा बकाराम लबाड असंल तं ये.” आणि चार्जरची पिन उपसली.

लख्ख उजेडात फोटो उजळला.

मग मागून कोणाला तरी हसू फुटलं.

“माता को सदमा लगा है...”

“थांबा जी.” तिनं पिन लावली, पडदा झोपेपर्यंत वाट पाहिली. “उमेंद्र, हे टेबल चेटकीण असंल तं ये.” पिन उपसली. उमेंद्र पुन्हा हसला.

“केशोराव, पाय उचला.”

केशोराव उचलेना. शेजारच्या शालीकरामनं त्याचा पाय धरून बाजूला केला. धोतराच्या सोग्याखाली बोर्डाचं बटण होतं. बल्ब आणि चार्जर, दोन्ही त्या एकाच बटणावर.

“माझा पोरगा नाई आला,” सुखवंता म्हणाली. “वीज तुटली का हे मशीन जागं होते अन् मालकाचा फोटो दाखवते. ही त्याच्या पोटातली चूक होये. पोरानंच मले सांगतलं होतं. सोनिका कुठी जात नाई.”

महाराजांना अचानक आमगावचा कार्यक्रम आठवला. अंगणातल्या अंधारात त्यांच्याच चपला त्यांना सापडेनात.

गर्दी पांगल्यावर धनलाल सुनेसमोर उभा राहिला. “पोरी, मले बोलाले पाह्यजे होतं,” एवढंच म्हणाला.

पुढे एके दुपारी, उमेंद्रशेजारी बसून कंप्यूटर शिकलेल्या सोनिकानं लॅपटॉप उघडून पाहिला. “माय, त्यानं ह्या मशीनची दुरुस्ती लिहून ठेवली हाय. धाडायची राहून गेली. मी त्याच्या सोबतच्या लोकाइले धाडतो. मंग अशा कोणत्याच मशीनले खोटी जाग येणार नाई.”

“अन् ह्या मशीनले?”

सोनिका घुटमळली. “इथं नाई लावली तरी चालते, माय. पिन काढली का फोटो दिसत राहील.”

सुखवंतानं पदरानं काळा पडदा पुसला.

“लाव,” ती म्हणाली.

अजूनही कोणी बाई आडून आडून विचारते, उमेंद्र येते का वो? सुखवंता तिला आत नेते आणि पिन उपसते. पडदा काळाच राहतो.

“पाह्यलं? माझ्या पोराचं काम हे होये,” ती म्हणते. “दिसलं म्हणून हात जोडू नोको, माय. पयले बटण कोणाच्या पायाखाली हाय ते पाह्य.”

मग पिन लावते आणि उर्वशीला जेवायला हाक मारते.